काच स्टुडिओतच राही : राजा दीनदयाळ यांचा जनाना स्टुडिओ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिकंदराबादेतील लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओत छबी काढवून घेणारा गिऱ्हाईक कागदी प्रत घेऊन घरी जाई. जिच्यावरून ती प्रत छापली, ती काचेची निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच राही. पुन्हा मागणी आली तर प्रती निघत त्या तिच्यावरूनच; धंद्याचे खरे भांडवल तेच.

दीनदयाळ (१८४४–१९०५) मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते होळकरांच्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीस लागले. कॅमेरा हा तेथे जडलेला छंद. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १८९६ साली मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला.

त्यांची उमेदीची वर्षे तंत्राच्या सांध्यावर येतात. कलोडियनची काच ओली असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, सारे उरकावे लागे. १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि स्टुडिओचे काम झपाट्याने वाढले. गिऱ्हाइकाचे रूप खुलवणेही काचेवरच चाले. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघेसारखी उमटते. ती शिसपेन्सिलीने भरली की प्रतीत गाल तुकतुकीत! जुन्या छबींतल्या नितळ चेहऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये, तो याचसाठी.

गोषातील स्त्रियांनी परपुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बसायचे कसे? १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत उंच भिंतींआड खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. पुरुषांना आत मज्जाव होता. यात व्यापारी धूर्तपणा होताच. उमराव घराण्यांतील निम्मे गिऱ्हाईक आजवर कॅमेऱ्यापुढे आलेच नव्हते. परंतु छबी काढताना पाळलेला पडदा तेवढ्याने पुरा होत नाही. बाई घरी गेली तरी तिचा चेहरा काचेवर मागे उरतो. तेव्हा खरा भरवसा टाकावा लागे तो काचा सांभाळणाऱ्यावर.

१९०४ मध्ये पुत्र धरमचंद वारले, पुढच्याच वर्षी स्वतः दीनदयाळ. दुसरे पुत्र ग्यानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला. काच धुऊन पुन्हा वापरण्याची रीत छायाचित्रकारांत जुनीच, शिवाय काच फुटते, तिच्यावरचा थर हैदराबादच्या उन्हापावसात सोलवटतो. तरीही कुटुंबाने हजारो काचा जपल्या. त्यांपैकी २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या.