कौशल्यपद्धती (भूमिकाखेळांतील)

भूमिकाखेळात पात्राला एखादे काम साधेल की नाही, हे ठरवणारी नियमरचना. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मुळे (१९७४) हा खेळप्रकार रुजला. ‘ट्रॅव्हलर’ने (१९७७) कौशल्यांना मध्यवर्ती स्थान दिले, तर ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) ती टक्केवारीत मोजली. घरगुती खेळ रचताना कौशल्ये कथेच्या परिसरातून घ्यावीत. हिंगोली जिल्ह्यात घडणाऱ्या कथेत वसमतच्या हळदीची पारख किंवा कयाधू नदीचा उतार ओळखणे ही कौशल्ये शोभतात. सहा पृष्ठांच्या दोन नेहमीच्या फाशांची बेरीज ८ वा अधिक आल्यास यश मानले, तर यशाची शक्यता सु. ४२% असते, कौशल्याचे २ गुण मिळवल्यास ती सु. ७२% होते. कौशल्ये मोजकी असावीत आणि अपयशानेही कथा पुढे सरकावी.