हैदराबादेतील लोकदवाखाने व वैद्याच्या मोबदल्याचा प्रश्न

वैद्यकाच्या इतिहासात औषधांचे व शस्त्रक्रियांचे वर्णन विपुल आढळते. परंतु वैद्याला मोबदला कोणी आणि कशाच्या मापाने द्यावयाचा, या प्रश्नाला त्यात फारच थोडी जागा मिळते. वास्तविक गरिबाच्या दृष्टीने हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. मोबदला मासिक वेतनाच्या रूपाने मिळतो, नोंदलेल्या माणशी मिळतो, तपासलेल्या रोग्यामागे मिळतो, की केलेल्या शस्त्रक्रियेमागे मिळतो, यावर दवाखान्याचे दार कोणासाठी किती उघडे राहील हे पुष्कळ अंशी ठरते. हैदराबाद शहराने गेल्या सुमारे सत्तर वर्षांत यांपैकी एकाहून अधिक पद्धती अनुभवल्या. त्यांची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हे त्या अनुभवातूनच उमगते.

स्वातंत्र्यापूर्वीच या विचाराचा पाया घातला गेला. प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी अहवाल सादर केला, तर भोर समितीने १९४६ साली, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. कामगार व मालक या दोघांनीही वर्गणी द्यावी आणि त्या निधीतून कामगारास उपचार मिळावा, अशी तिची रचना होती. मुंबईत ही योजना १९५४ साली व हैदराबादेत १९५५ साली आली.

या दोन शहरांनी दोन निरनिराळे मार्ग पत्करले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत खाजगी डॉक्टरांची यादी करण्यात आली. कामगाराने त्यातील एका डॉक्टराकडे आपले नाव नोंदवावे आणि डॉक्टरास नोंदलेल्या माणशी ठराविक रक्कम मिळावी, अशी व्यवस्था झाली. इंग्लंडात १९११ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीशी तिचे साम्य होते. हैदराबादेत मात्र योजनेचे स्वतंत्र दवाखाने निघाले व त्यांत वेतनावर डॉक्टर नेमले गेले. माणशी मोबदल्यात ओळखीचा, घराजवळचा वैद्य मिळतो, पण रोगी आला काय आणि न आला काय, वैद्याची प्राप्ती तीच राहते. त्यामुळे तपासणी उरकून टाकण्याचा मोह संभवतो. वेतनाच्या पद्धतीत नफ्याचा लोभ शिरत नाही, पण रांग लांबली तरी तिचा भार वैद्यावर पडत नाही. तो रोग्यावरच पडतो. दोन्ही पद्धतींत काही गुण आहेत आणि दोन्हींत काही धोके आहेत.

तथापि या योजनेची मर्यादा याहून मोठी होती. ती नोंदणी झालेल्या कारखान्यांतील व आस्थापनांतील नोकरवर्गापुरती होती. गवंडी, हमाल, घरकाम करणारी स्त्री, शेतमजूर हे सारे तिच्या बाहेर राहिले. त्यांच्या घरी मोठे दुखणे आले म्हणजे दागिने, जनावरे व जमीन गहाण पडे.

हे संकट टाळण्याच्या हेतूने आंध्र प्रदेश सरकारने १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर व श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री योजना सुरू केली. पुढल्या वर्षी ती राज्यभर पसरली. पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाकाठी २ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार विनाखर्च मिळावा व प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरवून तो रुग्णालयास द्यावा, असे तिचे स्वरूप होते. मोबदल्याचे माप येथे बदलले. ते शस्त्रक्रियेवर येऊन ठेपले. हाच कित्ता गिरवून महाराष्ट्रानेही २०१२ साली नांदेड, सोलापूर, गडचिरोली आदी आठ जिल्ह्यांत अशीच योजना आरंभिली.

आरोग्यश्री टप्प्याटप्प्याने आल्यामुळे तिची परीक्षा करणे सुकर झाले; योजना लागू झालेले जिल्हे व न झालेले जिल्हे यांची तुलना करता आली. व्हिक्टोरिया फॅन, अनूप करण आणि अजय महाल या अभ्यासकांनी पहिल्या नऊ महिन्यांचा हिशेब मांडला व २०१२ साली प्रसिद्ध केला. रुग्णालयात राहून घ्यावयाच्या उपचारावरील घरखर्च लक्षणीय कमी झाला, असे त्यांस आढळले. मात्र आजारपणापायी कुटुंब दारिद्र्यात लोटले जाण्याचे प्रमाण घटल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही आणि अनुसूचित जाती व जमातींच्या कुटुंबांना इतरांइतका लाभ पोहोचला नाही. ज्यांची गरज सर्वांत मोठी, तेच मागे राहिले.

याचे एक कारण मोबदल्याच्या मापात शोधावे लागते. जेथे शस्त्रक्रियेस दाम आहे आणि ताप, खोकला, रक्तदाब यांच्या तपासणीस नाही, तेथे द्रव्य मोठ्या रुग्णालयांकडे वाहते. सामान्य कुटुंबाचा औषधोपचारावरील बहुतेक खर्च तर दैनंदिन औषधांवर व बाह्यरुग्ण तपासणीवरच होत असतो. शिवाय दामाच्या आशेने अनावश्यक शस्त्रक्रिया वाढण्याचे भय असते. याच भयापोटी गर्भाशय काढण्यासारख्या शस्त्रक्रिया पुढे सरकारी रुग्णालयांपुरत्या राखून ठेवाव्या लागल्या.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून तेलंगण राज्याने एप्रिल २०१८ मध्ये हैदराबादेत बस्ती दवाखाने उघडण्यास आरंभ केला. पाच ते दहा हजार वस्तीमागे एक दवाखाना, त्यात डॉक्टर व परिचारिका, तपासणी आणि औषध विनामूल्य, रक्ताचे नमुने नारायणगुडा येथील मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे धाडण्याची सोय, अशी ही व्यवस्था. येथील डॉक्टरास मासिक मानधन मिळते. याच कल्पनेचे २०१५ सालचे रूप दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकात दिसले होते. तेथे तपासलेल्या रोग्यामागे मोबदला देण्याचा मार्ग पत्करला गेला. रोग्यामागे दाम मिळाले की दवाखाना तत्परतेने चालतो, पण रोग्यांची संख्या फुगण्याचा व एका रोग्यास मिळणारा वेळ घटण्याचा संभव असतो. मानधनात तो धोका कमी, पण देखरेख ढिली पडली तर दार उघडे असूनही सेवा मंदावते. इकडे रुग्णालयीन उपचाराची मर्यादाही वाढत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात ती १० लाख रुपये झाली. मर्यादा वाढली तरी मूळ प्रश्न तसाच राहिला.

या साऱ्या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, निर्दोष अशी मोबदल्याची पद्धत नाही. म्हणून दवाखान्याची परीक्षा किती रोगी तपासले व किती रक्कम वाटली एवढ्यावर थांबू नये. कोण आले नाही, येऊनही कोण परत गेले, विनामूल्य तपासणीसाठी दिवसभर थांबताना कोणाची मजुरी बुडाली, आणि औषध अखेर घराशेजारच्या दुकानातून विकत घ्यावे लागले काय, हे विचारले पाहिजे. धर्मसंस्थांच्या दवाखान्यांत वैद्य पुष्कळदा मोबदल्याविना वेळ देतात; तेथे लोभाचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु हे प्रश्न तेथेही लागू होतात. दानाने चालणाऱ्या दवाखान्याचे यश दात्यांच्या यादीवरून मोजता येत नाही. उंबरठ्याबाहेर राहिलेल्या रोग्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती ठेवणे हाच सेवेचा खरा हिशेब होय.