कॅमकॉर्डर ते संगणक : डिजिटल चित्रफितीच्या जोडणीचा इतिहास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना

कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांच्या जोडीला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृक्श्राव्य साधनांनाही इतिहासलेखनात स्थान मिळाले. १९९५ नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत मुलाखती, सभा, संमेलने आणि लोककलांचे सादरीकरण यांचे बरेचसे चित्रण मिनी-डीव्ही कॅसेटवर झाले. आज या कॅसेटची स्थिती मोडी कागदासारखी झाली आहे. साधन हाती आहे, पण वाचणारा मिळत नाही. मोडी कागदावरील अक्षरे निदान डोळ्यांना दिसतात. डीव्ही कॅसेटमधील मजकूर मात्र कॅमकॉर्डर आणि संगणक यांच्यातील जोडणी जुळल्याशिवाय संगणकावर उतरत नाही. ही जोडणी कशी निर्माण झाली, ती वारंवार का अडत असे आणि तिच्या अस्ताचा इतिहासाच्या अभ्यासकाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जोडणीचा उदय

‘फायरवायर’ या तंत्राचा विकास ॲपल कंपनीत १९८६ पासून सुरू झाला. १९९५ मध्ये ते आयईईई १३९४ या नावाने प्रमाणित झाले. त्याच वर्षी डीव्ही ही ध्वनिचित्रमुद्रणाची डिजिटल पद्धती बाजारात आली. सोनी कंपनीच्या डीसीआर-व्हीएक्स१००० या कॅमकॉर्डरमध्ये दोन्ही एकत्र आली. सोनीने याच जोडणीला ‘आय-लिंक’ असे नाव दिले. अनेक कॅमकॉर्डरवर तिची खूण केवळ ‘डीव्ही’ अशी असे. एकाच गोष्टीची ही तीन-चार नावे नवशिक्या वापरकर्त्याच्या गोंधळाचे पहिले कारण ठरली.

डीव्ही पद्धतीत चित्र टिपतानाच अंकरूप होऊन फितीवर नोंदले जाते. भारतात प्रचलित असलेल्या पाल प्रणालीत प्रत्येक चित्रचौकटीची नोंद १,४४,००० बाइटची असते. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास ३.६ मेगाबाइट आणि तासाला सुमारे १३ गिगाबाइट माहिती तयार होते. फायरवायरमधून हीच माहिती जशीच्या तशी संगणकात उतरते. १९९९ मध्ये ॲपलने आयमॅक डीव्ही संगणकाबरोबर आयमूव्ही हे संपादनाचे साधन दिले. त्यानंतर घरगुती संपादनाचा प्रसार वेगाने झाला.

जोडणीतील अडचणी व त्यांची कारणे

‘संगणक कॅमेरा ओळखत नाही’ ही त्या काळातील नित्याची तक्रार होती. तिचा दोष बहुधा वापरणाऱ्याच्या अज्ञानाला दिला जाई. प्रत्यक्षात तिची कारणे त्या तंत्राच्या घडणीतच होती.

पहिले कारण दोन पोर्टचे. अनेक कॅमकॉर्डरवर फायरवायरसोबत यूएसबी पोर्टही असे. यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट होती, तर डीव्हीच्या केवळ चित्रालाच २५ मेगाबिट लागत. त्यामुळे त्या पोर्टमधून बहुधा मेमरी कार्डावरील स्थिरचित्रे किंवा हलक्या प्रतीचे चलच्चित्रच मिळे. केबल जोडली आहे, तरीही फितीवरील चित्र उतरत नाही, या कोड्याचे उत्तर अनेकदा येथे सापडे.

दुसरे कारण पिनांचे. कॅमकॉर्डरकडे चार पिनांचा, तर संगणकाकडे बहुधा सहा पिनांचा पोर्ट असे. सहापैकी दोन पिना वीजपुरवठ्याच्या असत. प्लग उलटा दामटल्यास ही वीज भलत्या तारेत जाऊन कॅमकॉर्डरचा पोर्ट कायमचा जळू शके.

तिसरे कारण संगणकाच्या क्षमतेचे. २००० च्या सुमारास अनेक संगणकांची संपूर्ण हार्डडिस्कच १० ते २० गिगाबाइटची असे. डिस्कची गती अपुरी पडल्यास मधल्या चौकटी गळत. फॅट३२ या पद्धतीत एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असल्याने सुमारे १९ मिनिटांनंतर चित्रण उतरणे थांबे. विंडोज ७ (२००९) मध्ये फायरवायरचा ड्रायव्हर बदलला, तेव्हा अनेकांना जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर निवडल्यावरच कॅमकॉर्डर पुन्हा दिसू लागला.

चौथे कारण तंत्राबाहेरचे होते. युरोपात बाहेरून चित्र मुद्रित करू शकणाऱ्या उपकरणावर अधिक आयातशुल्क लागे. ते टाळण्यासाठी तेथे विकल्या जाणाऱ्या अनेक कॅमकॉर्डरमधील डीव्ही-प्रवेश बंद ठेवला जाई. परिणामी संपादित चित्र पुन्हा फितीवर नोंदवता येत नसे. केबल निर्दोष असूनही करव्यवस्थेमुळे जोडणी एकतर्फी राही.

जोडणीचा अस्त

सेकंदाला ४८० मेगाबिट गतीची यूएसबी २.० ही जोडणी २००० मध्ये आली. पुढे कॅमकॉर्डर फितीऐवजी मेमरी कार्डावर चित्रण करू लागले आणि फायरवायरची गरज ओसरली. ॲपलच्या २००८ च्या ॲल्युमिनियम मॅकबुकमध्ये हा पोर्ट नव्हता. २०१२ पासून थंडरबोल्ट अडॅप्टरचा आधार घ्यावा लागला. २०२५ च्या मॅकओएस टाहो या आवृत्तीतून तर फायरवायरचा आधारच काढून टाकण्यात आला.

इतिहास-साधनांच्या दृष्टीने महत्त्व

फायरवायर नसल्यास कॅमकॉर्डरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही केबलने चित्र यूएसबी कॅप्चर साधनात घेता येते. ही वाट सोपी वाटली, तरी तिच्यात मोठी हानी आहे. डीव्ही फितीवर चित्राबरोबरच प्रत्येक चौकटीचा टाइमकोड, चित्रणाची तारीख व वेळ नोंदलेली असते. फायरवायरमधून ही नोंद संगणकात येते, एव्ही केबलमधून ती येत नाही. खराब फितीत कोणता भाग कॅमकॉर्डरने शेजारच्या चौकटीवरून भरून काढला, याची खूणही मूळ डीव्ही प्रवाहातच राहते. साधनाचा काळ आणि अस्सलपणा ठरवणे हे इतिहासकाराचे पहिले काम होय. एव्ही केबलने केलेली प्रत म्हणजे तारीख फाडून टाकलेले पत्र होय. अर्थात कॅमकॉर्डरचे घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते. म्हणून ही तारीखही इतर पुराव्यांशी ताडून पाहिली पाहिजे.

निष्कर्ष

१) जोडणीतील बहुतेक अडचणी पोर्ट, पिना, ड्रायव्हर व व्यापारी धोरण यांतून उद्भवल्या. त्यांचा क्रमवार शोध घेतल्यास त्या आजही सुटू शकतात.

२) महाविद्यालयांच्या कपाटांतील मिनी-डीव्ही कॅसेट फायरवायर पोर्ट असलेल्या जुन्या संगणकावर मूळ डीव्ही रूपातच उतरवून घ्याव्यात. असा संगणक व चालू स्थितीतील कॅमकॉर्डर भंगारात काढू नयेत.

३) कॅसेटवरील चिठ्ठी, चित्रणकर्त्याची नोंद आणि फितीतील तारीख एकत्र जतन कराव्यात.

४) फीत, कॅमकॉर्डर, केबल व संगणक या चारही गोष्टी एकाच वेळी चालू स्थितीत असणे दरवर्षी अधिक कठीण होत आहे. मोडी लिपी आजही शिकता येते. नव्याने तयार न होणारे यंत्र बंद पडल्यावर मात्र शिकण्याची इच्छा पुरेशी ठरणार नाही. हे काम आताच हाती घेणे आवश्यक आहे.