राज्य कोणाचे मानावे?

सत्ता हाती असणे वेगळे आणि रयतेने ती आपली मानणे वेगळे. हा फरक सातारा-सांगलीच्या मुलखाने पिढ्यान् पिढ्या अनुभवला आहे.

सातारच्या गादीस मान होता तो शिवछत्रपतींच्या वंशाचा. १८१९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांशी तह केला. पुढे कटाचा आरोप ठेवून १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. रंगो बापूजींनी विलायतेत वर्षानुवर्षे दाद मागितली, पण ती लागली नाही. १८४८ साली दत्तक नामंजूर होऊन राज्य खालसा झाले.

नंतरचा अंमल कायद्याचा व कचेरीचा. शिक्का होता, दप्तर होते, फौज होती. रयतेची संमती मात्र कोणी विचारली नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे कचेरीवर तिरंगा लावण्यास निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. हुतात्मा परशुराम घार्गे व त्यांचे साथी धारातीर्थी पडले. त्या दिवशी हुकूम चालला, पण राज्याची पत गेली.

१९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याला ना गादी, ना कायदा. तरी गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे लोक आपले तंटे आपण होऊन नेऊ लागले. गुंड व खबरे यांना कडक शिक्षा होत, त्यावरून 'पत्री सरकार' हे नाव पडले. धाक होताच, परंतु नुसत्या धाकावर कोणी रात्री भूमिगताला दार उघडून भाकरी देत नाही.

प्रतिसरकारचे केंद्र जे कुंडल, ते औंध संस्थानातले. त्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ सालीच महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली होती. राजाने अधिकार सोडला, म्हणून त्याचा मान कमी झाला नाही, वाढला.

चावडीवर बोलावणे आले की जावे लागे. देवळात मात्र माणूस आपल्या पायांनी येतो. आज जीर्णोद्धार झालेल्या या मंदिराचा कारभार पाहणाऱ्यांपाशी फौज नाही, शिक्षेचा अधिकार नाही. दात्यांचा व ग्रामस्थांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल. ज्या बाईने मजुरीतून पाच रुपये दिले, तिलाही हिशेब विचारता यावा आणि तो भर सभेत मिळावा. तोवर कारभार गावाचा.