मामाजींचा मेणाचा डबा

परवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून नातू आला. पिशवीतून फरसाणाचा पुडा काढला आणि त्यामागोमाग एक बाटली. काचा पुसायच्या औषधाची असते तशीच, वर फवारा मारायचं बटण.

"आबा, यंदा गाडीला मेण लावायच्या भानगडीत पडू नका. हे सिरॅमिक कोटिंग आहे. फवारायचं, पुसायचं, झालं!"

मी नुसतं "बरं" म्हटलं. खरी गोष्ट अशी की गेली दोन वर्षं मी मेण लावलेलंच नाही. उजवा खांदा धरला आहे, डॉक्टरांनी घासण्यापुसण्याची कामं बंद केली आहेत. गाडी धुवायला एक मुलगा येतो. मेणाचा डबा मात्र कपाटात तसाच आहे. ती बाटली त्या डब्याशेजारी ठेवली आणि रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. आमच्या मामाजींची आठवण येत राहिली. म्हटलं, एकदा हे सगळं लिहूनच काढू या.

हायस्कूलसाठी मी खेड्यातून वरोऱ्याला मामांकडे राहायला आलो तेव्हा १९६३ साल होतं. मामा (आमच्याकडे 'मामाजी') एका जिनिंगवाल्या शेठजींच्या अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते. गर्द निळी गाडी. त्या वेळी गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसिडर १९५७ साली आणली, आणि ती २०१४ पर्यंत निघत होती. आमच्या शेठजींची गाडी म्हणजे अगदी पहिल्या काही वर्षांतली.

दर रविवारी सकाळी निंबाच्या सावलीत गाडी उभी राहायची. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग धुणं, मग कोरडं करणं. बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करायची. मग मेण. दुकानातला डबा महाग, म्हणून मामाजी आठवडी बाजारातून मोहोळाच्या मेणाचा गोळा आणत. तो गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ करायचा आणि चुलीपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन घालायचं. गार झालं की तुपासारखं दाट मलम तयार. शेठजी मुंबईहून विलायती डबा आणत तेव्हा मामाजी तो फक्त दसऱ्याला आणि शेठजींच्या घरच्या लग्नाला काढत.

"पोट्ट्या, फडका आधी झटक! त्यात एक कण राह्यला तर गाडीले ओरखडा पडते."

जुन्या धोतराचं मऊ फडकं, बोटभर मेण, लहान लहान गोल फिरवत पातळ थर. पांढुरकी साय दिसू लागली की दुसऱ्या फडक्याने पुसून काढायची. फडकं निळं व्हायचं. मला वाटायचं आपण गाडीचा रंगच काढतोय! मामाजी हसायचे. पुढे कळलं की माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

इथे थोडा इतिहास सांगतो, मास्तरकीची सवय जात नाही.

मोटारीच्या आधी बग्ग्या होत्या आणि सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखाच रंग देत. जवसाच्या तेलातला रंग, त्यावर व्हार्निश, प्रत्येक थर वाळू द्यायचा. एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला. फवाऱ्याने मारायचा आणि भराभर वाळायचा. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाले अजून "ड्यूको मारून देतो" म्हणतात, ते तिथून. डब्यातला रंग आज कुठलाही असो, नाव मात्र ड्यूकोच.

पण त्या काळच्या रंगावर वेगळं पारदर्शक आवरण नसे. रंग हाच वरचा थर. ऊन-पावसाने तो वरून भुकटी होऊन मरत जाई, लाल गाडी गुलाबी दिसू लागे. पॉलिश करताना ती मेलेली भुकटी निघे आणि खालचा ताजा रंग वर येई. मामाजींच्या फडक्याला लागलेला निळा रंग तो हाच. त्यावरचं मेण पुढच्या उन्हा-पावसाचा पहिला मारा सोसे. म्हणजे मेण हा शृंगार नव्हता, ती राखण होती. थर स्वतः झिजणार आणि खालच्याला वाचवणार.

ही युक्ती मोटारीबरोबर आली असं मात्र समजू नका. कल्हई आठवते? पितळेच्या भांड्यात आंबट कळकू नये म्हणून आतून कथलाचा पातळ हात. तो झिजला की कल्हईवाला पुन्हा गल्लीत हजर. भाता, नवसागराचा धूर आणि आम्ही पोरं भोवती गोळा. कुंभाराच्या बरणीवरची झिलई हीही तीच गोष्ट, फक्त ती भट्टीत भाजलेली. आपल्या शेजारच्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांना नवी माती, नव्या भट्ट्या, झिलईचं काम शिकवलं. शाळेची सहल तिथे नेली की पोरं साधी मातीची भांडी आणि झिलईची भांडी यांवर आळीपाळीने पाणी ओतून बघत. एक पाणी पितं, दुसऱ्यावरून ते घरंगळतं. 'सिरॅमिक' म्हटलं की मला आधी ते भद्रावतीचं अंगण दिसतं.

पुन्हा मेणाकडे येतो. मोहोळाचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४७-४८ वर जातो, मग उन्हात उभ्या गाडीच्या टपाचं काय होत असेल ते हात लावून पाहा (खरं तर लावू नका). मामाजी म्हणत, "चैतातलं मेन वैशाखात टिकत नाही." त्यांनी थर्मामीटर कधी वापरला नव्हता, पण हिशेब बरोबर होता. विलायती डब्यात म्हणूनच ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचं मेण असे. ते ८० अंशांच्या वर वितळतं आणि कडकही असतं. शिकागोच्या बेन हर्श यांनी १९४० च्या दशकात काढलेलं टर्टल वॅक्स पुढे जगभर पोचलं. पण डबा कुठलाही असो, दोन-तीन महिन्यांत पुन्हा लावणं आलंच.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. 'जुनं ते सोनं' म्हणायच्या आधी ते सोनं आलं कुठून हे पाहावं. मामाजींच्या बाजारातलं मेण गडचिरोलीकडच्या जंगलातून यायचं. आग्या मोहोळाला रात्री मशालीने धूर-आग देऊन माश्या हुसकायच्या आणि पोळं अख्खं कापून आणायचं, ही जुनी रीत. हजारो माश्या जळत, पिल्लं पोळ्यासकट पिळली जात. पुढे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावच्या लोकांनी स्वतः अभ्यास करून माश्या न मारता मध काढायची रीत बसवली, ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे. पण त्या निळ्या अँबॅसिडरच्या चमकेत किती मोहोळं गेली असतील, हा विचार मला वयाच्या चाळिशीपर्यंत शिवला नव्हता. माणूस आरशासारख्या बॉनेटमध्ये स्वतःचंच तोंड बघतो. असो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रस्त्यांचं रूप पालटलं. हळूहळू गाड्यांचे रंगही बदलले. खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक 'क्लिअर कोट' ही पद्धत रुळली. मी निवृत्तीनंतर घेतलेल्या गाडीला पहिल्यांदा मेण लावलं तेव्हा फडकं पांढरंच राहिलं. क्षणभर चुकल्यासारखं झालं! पण तोवर मेणाचं निम्मं काम त्या पारदर्शक थराने आधीच घेतलं होतं.

आणि आता हे सिरॅमिक. नातवाला विचारलं, "अरे, यात माती कुठली, भट्टी कुठली?" तर यात सिलिका, म्हणजे वाळूचं आणि काचेचं मूळ द्रव्य. ते सेंद्रिय रेणूंना जोडून द्रवरूपात ठेवलेलं असतं. गाडीवर पसरलं की हवेतल्या ओलाव्याने ते जुळत जातं आणि काचेच्या जातीचं एक जाळं तयार होतं. भट्टीवाचून झिलई! एबेलमेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८४० च्या दशकातच असं दिसलं होतं की सिलिकाचा एक द्रव दमट हवेत राहिला की त्याची काच बनते. त्यांच्या प्रयोगशाळेतली ती गोष्ट माझ्या टेबलावर फवाऱ्याच्या बाटलीत यायला पावणेदोनशे वर्षं लागली.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत '९एच' लिहिलं होतं. नातू म्हणाला, हिऱ्याच्या जवळपास कडक. इथे मात्र मास्तर जागा झाला. बाबा रे, ही पेन्सिल आहे! चित्रकलेच्या तासाला आपण एचबी, २बी, ४एच वापरतो ना, तीच मालिका. ९एच ही तिच्यातली फार कडक पेन्सिल. तिनेही ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याची दहावी पायरी ज्या मोजपट्टीवर असते ती मोहसची, निराळी. कोळशाच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला ना ही पट्टी कळते ना ती.

वरोऱ्यात राहून कोळशाचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल? १८७० च्या दशकात इथे खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण कोळसा काही आपल्याला सोडून गेला नाही. माजरी आहे, एकोणा आहे, वीजकेंद्रं आहेत. सकाळी गाडीवर बोट फिरवलं की बोटाचं टोक काळं. ही धूळ कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. अशा गावात धूळ घट्ट धरून न ठेवणारा, नुसत्या पाण्याने धुऊन निघणारा थर ही चैन नव्हे, सोय आहे. हे मला मान्य करावं लागलं.

फसगतीही आहेत. आमच्या एका नातेवाइकांनी मोठ्या शहरात कुठल्याशा दुकानात भरपूर पैसे मोजून 'पाच वर्षांचं' कोटिंग करून घेतलं. दुकानदाराने आधीचे बारीक गोल ओरखडे काढलेच नव्हते. त्यावरच थर बसला आणि चित्राला काच लावावी तसे ते ओरखडे जपले गेले! फवाऱ्याचं कोटिंग तर काही महिन्यांचंच असतं, मायक्रॉनच्या मापातला थर तो. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे डाग त्यावरही पडतात. काही झालं तरी आधी गाडी स्वच्छ धुवावी लागते, सावली लागते, पत्रा थंड लागतो आणि फडकं झटकावं लागतं. म्हणजे मामाजींचे सगळे नियम कायम, फक्त मेण गेलं.

दसऱ्याच्या सकाळी नातू धुऊन देतो म्हणाला. मी म्हटलं, धू तू, पण फवारा मी मारणार. डाव्या हाताने फवारलं, त्याच हाताने मायक्रोफायबरचं फडकं हलकेच फिरवलं, उलटून पुसलं. घासणं नाही, जोर नाही. खांद्याने तक्रार केली नाही. अर्ध्या तासात अख्खी गाडी. दोन वर्षांनी माझी गाडी मी केली! खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. नव्या वस्तूंनी म्हाताऱ्या माणसाची कामं हिरावून घेतली असं आम्ही पेन्शनर मंडळी कट्ट्यावर नेहमी म्हणतो. या बाटलीने मला माझं काम परत दिलं.

मागच्या डाव्या दाराचा खालचा भाग पुसायला वाकलो तर टायरच्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. धुणाऱ्या मुलाला दिसली नव्हती, मुलाला नाही, मलाही नाही. दोन दिवसांनी त्याच गाडीने सगळे नागपूरला निघणार होते. नातवाला बोलावून दाखवली. तो गप्पच झाला. मग म्हणाला, "आबा, गाडी चमकत होती म्हणून कोणी पाह्यलीच नाही."

मामाजींची खरी विद्या मेणात नव्हतीच. दर रविवारी त्यांचं नाक पत्र्यापासून वीतभर अंतरावर असायचं. गंज कुठे धरतोय, नट कुठला सैल झालाय, तेल कुठे ठिबकतंय, हे मेण लावता लावता त्यांना दिसायचं. मेण टिकत नव्हतं, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा पाहावं लागायचं. वस्तू टिकाऊ झाली की आपलं पाहणं सुटतं. स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाला गेला, त्याचं मला दुःख नाही. पण कल्हईवाला भांडं हातात फिरवून "बाई, याचा बूड गेला" असं सांगायचा, ते सांगणारं कोणी राहिलं नाही.

तेव्हा ठरवलं आहे. कोटिंग हेच. पण रविवारी सकाळी पाच मिनिटं, हातात ओलं फडकं घेऊन, गाडीभोवती एक फेरी. नातवाकडूनही कबूल करून घेतलं आहे. टायर त्याच दिवशी बदलला.

डब्यात अजून दोन बोटं मेण शिल्लक आहे. ते टाकवलं नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला पणतीच्या लाकडी बैलाला लावीन म्हणतो. बैल लहान आहे, तेवढ्याने खांदा दुखणार नाही.