शियांगची (चिनी बुद्धिबळ)

शियांगची हा दोन जणांनी पटावर खेळायचा चीनमधील बैठा खेळ. बागेतला दगडी पट असो की रस्त्याकडेची सावली, डाव मांडला की भोवती बघ्यांचे कोंडाळे जमतेच. व्हिएतनाममध्येही तो खोल रुजला आहे. ‘शियांग’ म्हणजे हत्ती. पण त्याच चिन्हाचा अर्थ ‘आकृती’ असाही होतो, त्यामुळे नावाची फोड दोन तऱ्हांनी करतात. ‘ची’ म्हणजे पटावरचा खेळ.

पटावर ९ उभ्या व १० आडव्या रेषा असतात. मोहरे घरांत न ठेवता रेषा जिथे छेदतात त्या ९० बिंदूंवर ठेवतात. मधल्या मोकळ्या पट्ट्याला नदी म्हणतात. तिच्यावर बहुधा चू आणि हान या राज्यांची नावे लिहिलेली असतात. इ. स. पू. २०६ ते २०२ या काळात शियांग यू आणि ल्यू बांग यांच्यात सत्तेसाठी झालेल्या युद्धाची ही आठवण. त्यात ल्यू बांग जिंकला व हान राजवंश सुरू झाला. दोन्ही टोकांना ९ बिंदूंचा एकेक राजवाडा असतो.

प्रत्येकाकडे १६ मोहरे असतात : एक सेनापती, पाच प्यादी, आणि रक्षक, हत्ती, घोडे, रथ व तोफा प्रत्येकी दोन. मोहरे म्हणजे चिनी अक्षर कोरलेल्या गोल चकत्या. सेनापती व रक्षक राजवाडा सोडत नाहीत. मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आपल्या पटावरील हत्तीची सरळ चाल व कोपऱ्यातील जागा येथे रथाची आहे. शियांगचीतला हत्ती दोन बिंदू तिरका जातो, मध्ये मोहरा असल्यास अडतो आणि नदी कधीच ओलांडत नाही, म्हणून तो निव्वळ बचावाचा मोहरा ठरतो. घोड्याची चाल आपल्यासारखीच अडीच घरांची. मात्र त्याला उडी नाही. लगतच्या सरळ बिंदूवर कोणी उभे असले की त्या बाजूची वाट बंद. प्यादे सरळ चालते व सरळच मारते. नदीपार गेल्यावर ते आडवेही सरकते. त्याला माघार नाही आणि शेवटच्या रेषेवर पोहोचून वजीर होणेही नाही.

खेळाचा खरा प्राण तोफ आहे. ती रथासारखी चालते, पण मारताना तिला मध्ये नेमका एक मोहरा लागतो, मग तो स्वतःचा असो वा शत्रूचा. त्यामुळे आडोशाला आणलेला मोहराच सेनापतीच्या जिवावर उठतो, आणि कधी बचाव म्हणजे मधला मोहरा काढून घेणे. तोफ मधल्या रेषेवर आणून डाव उघडणे ही सर्वांत रूढ सुरुवात आहे.

दोन सेनापती एकाच उभ्या रेषेवर, मध्ये कोणी नसताना, समोरासमोर येऊ शकत नाहीत. डावाच्या अखेरीस सेनापती या नियमाच्या बळावर दुरूनही रेषा रोखून धरतो. शह नसतानाही ज्याला एकही चाल उरत नाही तो हरतो. पाश्चात्त्य बुद्धिबळात अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. सतत शह देत राहून बरोबरी साधण्यास मनाई आहे.

रथ, हत्ती, घोडा व पायदळ ही भारतीय चतुरंगाची चारही अंगे येथे दिसतात. कोपऱ्यापासून आत रथ, घोडा, हत्ती हा क्रमही जुळतो. म्हणून हॅरल्ड मरे यांच्यासह अनेक इतिहासकार खेळाचे मूळ भारतात मानतात, तर काही संशोधकांना तो चीनमध्येच उपजलेला वाटतो. मूळ कोणतेही असो, नदी, राजवाडा व तोफ यांनी त्याला दिलेले रूप चिनीच आहे. हे रूप सोंग राजवंशाच्या काळात स्थिरावले. त्यानंतर डावांचे ग्रंथ झाले. १६३२ मधील ‘ज्यूचोंग मी’ हा त्यांतला नामांकित होय.

चीनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५६ मध्ये सुरू झाली. २०१० च्या ग्वांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत शियांगचीचा समावेश होता. हू रोंगहुआ याने १९६० मध्ये पंधराव्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हापासून ते सलग दहा वेळा पटकावले आणि २००० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, चौदाव्यांदा जिंकले.