ट्रक ड्रायव्हरचे कामाचे तास, विश्रांती आणि मद्यपान: कायदा काय म्हणतो

मकरपुरा जीआयडीसीत कुणाचा छोटा कारखाना आहे, कुणाचे दोन-तीन टेम्पो फिरतात, कुणाचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. आणि यातले काहीच नसले तरी लग्नाला पुण्याला जायला ट्रॅव्हलर ठरवावी लागतेच. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांचा कधी ना कधी पगारी किंवा भाड्याच्या ड्रायव्हरशी संबंध येतो. त्याबाबत दोन समज नेहमी ऐकू येतात. एक, ड्रायव्हरच्या तासांना कायदाच नाही. दोन, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा दारूचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. दोन्ही समज बरोबर नाहीत. या लेखात नियम काय आहेत आणि ते कुठे अपुरे पडतात, ते एकत्र दिले आहे.

तासांचा कायदा

मूळ कायदा मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. भाड्याने माल नेणाऱ्यांबरोबर स्वतःचा माल स्वतःच्या गाडीने नेणाराही त्यात धरला होता आणि क्लीनरलाही ड्रायव्हरसारखेच संरक्षण होते. मर्यादा दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीला मंजुरी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास, त्याहून जास्त कोणत्याही परिस्थितीत नाही. ५ तास काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती. कामावर चढल्यापासून उतरेपर्यंत, मधल्या सुट्या धरून, १२ तासांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. आजचे काम संपल्यापासून उद्याचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे हवेत. जादा कामाला दुप्पट दराने पैसे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ९१ याच मर्यादा सर्व व्यावसायिक वाहनांच्या ड्रायव्हरना लावते. ठरलेल्या वेळेबाहेर ड्रायव्हरने काम करू नये आणि मालकाने करवून घेऊ नये, असे दोघांनाही बजावलेले आहे. अपघात, पूर, रस्ता बंद अशा आधी न कळणाऱ्या अडचणींसाठी सवलत आहे. 'पार्टीला माल उद्या सकाळीच हवा' ही त्यातली अडचण नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. दिवसाचे ८ तास आणि जादा कामाचा दुप्पट दर कायम आहेत. विश्रांतीचे अंतर आणि कामाचा एकूण पसारा किती असावा, हे सरकारी अधिसूचनेवर सोपवले आहे. मात्र पाच कामगारांचा उंबरठा आता दहावर गेला. दोन-तीन गाड्यांचा मालक या संहितेतून सुटतो, आणि आपल्याकडचा वाहतूक व्यवसाय मोठ्या प्रमाणावर अशाच लहान मालकांच्या हातात आहे. माझ्या मते ही दिशा उलटी झाली.

कामाचा वेळ कोणता, रिकामा वेळ कोणता

खरी गोम इथे आहे. गाडी चालवण्याबरोबरच माल भरणे-उतरवणे, गाडीची देखभाल, हिशोब देणे, सह्या करणे हे सगळे कायद्याने कामाचे तास आहेत. नुसते हजर राहून थांबणे मात्र १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरले जाते. आता नेहमीचा प्रसंग पाहा. ड्रायव्हरला दुपारी चारला कारखान्याच्या गेटवर बोलावतात. गाडी आत घेतात सहाला, माल भरून होतो आठला, बिल्टी आणि बिल हातात पडते साडेनऊला, आणि दहाला 'निघ' म्हणतात. भिवंडी सुमारे चारशे किलोमीटर. ट्रकची सरासरी ताशी चाळीस धरली तरी नुसते चालवण्याचेच दहा तास झाले. गेटवरचे दोन तास आणि बिल्टीची वाट पाहण्यातला दीड तास कुणाच्याच हिशोबात नाहीत. तो तेव्हा झोपलेलाही नसतो आणि मोकळाही नसतो.

हायवेवरच्या मुक्कामाचेही तसेच. कागदावर तो विश्रांतीचा वेळ. पण माल ड्रायव्हरच्या ताब्यात असतो, ताडपत्री कापून माल जातो, टाकीतले डिझेल जाते, म्हणून तो केबिनमध्येच अर्धवट झोपतो. उन्हाळ्यात भरूच-अंकलेश्वरच्या पट्ट्यात बंद केबिनमध्ये झोप लागणे कठीणच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगले झाले. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत.

नोंद कोण ठेवतो

अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून ट्रकच्या इंजिनाला जोडलेले नोंदयंत्र सक्तीचे आहे. दहा तास सलग सुटीनंतर चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि ड्रायव्हर कामावर आहे, चालवतो आहे, झोपला आहे की सुटीवर आहे, ते यंत्रात उमटते. युरोपात टॅकोग्राफ असतो: दिवसाला साधारण नऊ तास, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हायवेकडेला रांगेने झोपलेले ट्रक पाहिले असतील. ते यंत्रातला वेळ संपला म्हणून उभे असतात.

आपल्याकडे तास ठरवलेले आहेत, पण सर्व ट्रकना मिळून असे सक्तीचे यंत्र नाही. तरी पुरावा राहतोच. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. त्याचे स्टेटमेंट काढले की करजण, बोरिआच, बगवाडा, चारोटी, खानिवडे अशी प्रत्येक नाक्याची वेळ मिनिटासकट मिळते. गेट पास, डिझेलची पावती आणि हे स्टेटमेंट शेजारी ठेवले तर ड्रायव्हर किती तास जागा होता ते कुणीही सांगेल. बँकेत असताना वाहनकर्जाच्या अर्जाबरोबर महिन्याच्या फेऱ्यांचा अंदाज येत असे. फेऱ्या वाढवून दाखवल्या की हप्ता बसतो. त्या तक्त्यात डिझेल, टायर, टोल, भत्ता सगळ्याला रकाने असत, झोपेला नसे.

घाई कायद्यामुळे होते, असे काही व्यापारी सांगतात: ई-वे बिलाची मुदत संपेल. हेही तपासून घ्यावे. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. पुण्याच्या साडेपाचशेच्या घरातल्या अंतराला तीन दिवस होतात. मुदत भरपूर आहे. घाई पार्टीची असते.

सुटीतली दारू आणि सकाळचे स्टिअरिंग

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सांगते की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. कलम १८६ मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ असताना गाडी चालवण्याबद्दल आहे. त्याचा दंड पहिल्या वेळी फक्त १,००० रुपये.

शेवटचा पेला आणि गाडी सुरू करणे यांत किती तास जावेत, हे मात्र या कलमात नाही. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरने कामावर येण्याआधी चार तास मद्य घ्यायचे नाही. आपल्या विमानचालकांना ही अट बारा तासांची आहे. आपल्या ट्रकवाल्याला फक्त रक्तातला आकडा, आणि तो त्याला दिसत नाही.

ढोबळ हिशोब असा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के मद्यार्काची. त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात त्याने १५० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवते. चहा, आंघोळ, लिंबू, काहीही केले तरी हा वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवून झोपलेला माणूस पहाटे चारला उठून गाडी काढतो तेव्हा अजून साठ शिल्लक असतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. ३० वर यायला सकाळचे सहा वाजतात, पूर्ण उतरायला आठ. तो तर सांगेल की रात्री घेतली होती, आता काही नाही. तो खोटे बोलत नसतो. व्यक्तीप्रमाणे हे आकडे कमी-जास्त होतात, पण सहा तासांची झोप पुरत नाही हे कळायला एवढे पुरे.

दारूबंदीने काय होते

आपल्याकडचा दारूबंदी कायदा मुंबई राज्याचा, १९४९ चा. मोरारजीभाई देसाई तेव्हा मुंबईचे गृहमंत्री होते आणि बडोदा संस्थान त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तरी कायदा दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्रात तो परमिटपुरता उरला, गुजरातमध्ये बंदी म्हणून चालू आहे. त्यामुळे इथे ड्रायव्हरने सुटीच्या दिवशी घरी बसून परमिटशिवाय घेतली तरी तो गुन्हा आहे, गाडीचा संबंध असो वा नसो. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा जास्त आढळल्यास, ती औषधातून आली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ३० आणि ५० हे दोन आकडे दोन वेगळ्या कायद्यांचे आहेत. त्यांची गल्लत होते.

पण बंदीने तासांचे काम होत नाही. वडोदऱ्याहून निघालेला ट्रक भिलाड ओलांडून अच्छाड-तलासरीला लागला की दुसरे राज्य, आणि वाटेत दमण हाकेच्या अंतरावर. ३१ डिसेंबरच्या सुमारास तिकडून परतणाऱ्यांची तपासणी होते ती म्हणूनच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढच्या वर्षी लहान गावांसाठी अंतर कमी झाले आणि शहरी हद्दींना मोकळीक मिळाली. इकडे चोरून मिळणारी पोटली असते, तिच्यात काय आणि किती आहे ते लिहिलेले नसते, आणि घाईने पिऊन टाकली जाते. वर दिलेला हिशोब तिथे चालतच नाही.

मालकाला काय भोगावे लागते

कलम १८८ नुसार कलम १८५ किंवा १८६ च्या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्याला तीच शिक्षा आहे. 'डोळे चोळत होता, पण पाठवला' असे कुणी साक्षीत सांगितले तर ते मालकाला जड जाईल. ड्रायव्हर प्यायलेला असताना झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान विमा कंपनी देत नाही; पॉलिसीच्या अपवादांत ते छापलेले असते. रक्ततपासणी झाली नसली तरी इतर पुराव्यावरून कंपनी हे दाखवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. गाडीत ठरलेल्या प्रमाणाहून जास्त दारू सापडली तर गुजरातच्या कायद्याने गाडी अंतिम निकालापर्यंत अडकू शकते. पोलीस स्टेशनच्या आवारात टायर सडतात, हप्ता मात्र दर महिन्याच्या तारखेला लागतोच.

रोजच्या व्यवहारात

एक साधी वही पुरते: मागची फेरी कधी संपली, गेटवर कधी आला, कधी निघाला, कुठे किती थांबला, कधी पोहोचला. ड्रायव्हरची सही घ्यावी आणि महिन्याअखेर फास्टॅगशी ताडून पाहावे. मागच्या फेरीनंतर नऊ तास झाले नसतील तर दुसरा ड्रायव्हर किंवा सकाळची वेळ. थांबण्याच्या तासांचा वेगळा भत्ता ठरवला तर गेटवर लवकर बोलावण्याची सवय आपोआप कमी होते. मुक्कामासाठी पहारेकरी असलेला पार्किंगचा खर्च भाड्यात धरावा, म्हणजे त्याला गाडी सोडून झोपता येईल. लग्नाची ट्रॅव्हलर ठरवताना 'आदल्या रात्री कुठे गेला होता?' हे ड्रायव्हरलाच विचारावे, ट्रॅव्हल्सवाल्याला नव्हे. रात्रभर नेऊन सकाळी कार्यालयाबाहेर गाडीतच बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी परत निघायचे, असा बेत असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे आधीच धरावेत.

आणि ई-वे बिलाचा 'भाग ब', म्हणजे गाडीचा नंबर, माल पूर्ण भरून निघायची वेळ झाल्यावरच भरावा. मुदत तेव्हापासून मोजली जाते. संध्याकाळी भरलेली गाडी सकाळी सहाला काढली तरी मग एकही दिवस वाया जात नाही.